आमच्या बांधावरची वाघाटी

वर्गमित्र-मैत्रिणींनो, आणि झेंडावंदनानंतर भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

या अंकासाठी गुरुजींनी 'आपल्या परिसरातील एक वनस्पती' हा विषय दिला होता. बहुतेकांनी तुळस, लिंब आणि वड घेतले. तुळशीवर तर चौघांनी लिहिले आहे, ते शेजारच्या कागदांवर दिसेलच. मी वाघाटी घेतली. वर्गात नाव सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "ती काटेरी? तिच्यावर काय लिहिणार?" म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

तुम्हांला माहीतच आहे की मी चौथीपर्यंत मुंबईला घोडपदेवला होते. घोडपदेव म्हणजे भायखळा आणि रे रोड या दोन स्टेशनांच्या मधली वस्ती. तिथल्या घोडपदेवाच्या देवळावरूनच वस्तीला हे नाव पडले. आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्यानंतर त्यांची नोकरी गेली ती गेलीच. पण चाळीतली खोली राहिली, आणि आता तिथे काका राहतात.

वाघाटी मी पहिल्यांदा पाहिली ती झाडावर नव्हे, टोपलीत. आषाढी एकादशीच्या दिवशी काकूबरोबर भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईत गेले होते. पावसाचे पाणी वाहत होते आणि रस्त्याच्या कडेला एक मावशी गोणपाटावर हिरव्या फळांचे वाटे लावून बसली होती. लिंबाएवढी फळे, काही त्याहून मोठी, आणि प्रत्येकाला जाडजूड लाकडी देठ. मला वाटले छोटे पेरूच. काकूने भाव केला, तर मावशी म्हणाली, "वर्षातनं एकदाच येती बाई, एका दिसाचं गिऱ्हाईक हाय. उद्या कोण इचारतंय?" ते खरेच होते. वाघाटीची भाजी आषाढ शुद्ध द्वादशीला एकादशीचा उपवास सोडताना खातात. ज्या घरांत हा रिवाज आहे तिथे त्या दिवशी वाघाटी पाहिजेच. म्हणून तिला गोविंदफळ असेही म्हणतात.

काकूने विकत घेतली हे ऐकून आजी हळहळली. ती म्हणाली, "इकत? आरं, मी गठुडं भरून आणायची गावाकडनं. सगळ्या चाळीला दोन-दोन वाटायची." संपाच्या आधीही आणि नंतरही आजी आषाढात फलटणहून एस.टी.ने निघायची. पिशवीत बाजरीचे पीठ, घेवडा आणि फडक्यात बांधलेल्या वाघाट्या. घोडपदेवच्या त्या चाळीत सातारा, पुणे, नगर, कोकण, सगळीकडची माणसे होती. कुणी कुठलाही असो, द्वादशीला आमच्या दारात वाटी घेऊन यायचा.

मग पाचवीत मी इथे गावाला आले. वर्षभर रोज शाळेला येता-जाता आमच्या बांधावरच्या एका काटेरी जाळीजवळून गेले, दोनदा फ्रॉक फाडून घेतला, आणि मला पत्ताच नाही की हीच ती! आजीनेच एकदा काठीने फांदी वर करून खाली लोंबणारे फळ दाखवले. आजी ज्या वाघाट्या घोडपदेवला न्यायची त्या याच जाळीच्या.

आता मुख्य माहितीकडे वळू.

वाघाटी ही धड झाड नाही आणि धड वेलही नाही. गुरुजी तिला 'आरोही झुडूप' म्हणतात, म्हणजे चढणारे झुडूप. तुम्ही वेली पाहिल्या आहेत. गुळवेल आधाराला स्वतःचे अंग गुंडाळत वर जाते. कारल्याला स्प्रिंगसारखे तणाव असतात, ते काडीला पकडतात. वाघाटीला यातले काहीच जमत नाही. तिच्या लांब फांद्या नुसत्या शेजारच्या बोरीवर किंवा बाभळीवर रेलतात. मग घसरून खाली का पडत नाहीत? त्याचे कारण तिचे काटे. प्रत्येक पानाच्या देठापाशी काट्यांची एक जोडी असते, आणि ते काटे सरळ नसून मागे वळलेले असतात, अगदी मांजराच्या नखांसारखे. फांदी पुढे सरकताना काटे अडत नाहीत, पण मागे घसरू लागली की रुततात. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, तसेच. म्हणूनच जाळीत हात घालताना काही वाटत नाही आणि काढताना रक्त निघते! मी हे वहीत लिहिण्याआधी तीनदा करून पाहिले आहे. पालकांनी रागावू नये.

या नखांवरूनच तिला वाघाटी म्हणतात आणि संस्कृतात व्याघ्रनखी. शास्त्रीय नाव 'कॅपॅरिस झेलॅनिका'. झेलॅनिका म्हणजे सिलोनची, आजच्या श्रीलंकेची. भारत, श्रीलंका आणि पुढे पूर्वेकडच्या देशांतही ती आढळते. कोकणातही आहे, पण कोरड्या मुलखातली काटेरी झुडपे, बांध आणि कुंपणे हे तिचे आवडते ठिकाण.

चढणारी आणखीही काटेरी झुडपे आपल्याकडे आहेत. शिकेकाई तशीच चढते, चिल्हार तशीच, आणि ज्याच्या करड्या गोट्यांनी आपण पाच-खड्यांचा खेळ खेळतो तो सागरगोटाही तसाच. यांचा सगळ्यांचा हिशेब एकच: स्वतःचे जाड खोड बनवायचा खर्च वाचवायचा आणि दुसऱ्याच्या अंगावर चढून ऊन मिळवायचे. आमच्या वर्गातही असे काही आहेत, पण नावे लिहीत नाही.

वाघाटीची फुले माघ-फाल्गुनात येतात. तेव्हा माळ वाळून पिवळा पडलेला असतो, आणि या जाळीवर पांढरी फुले लागतात. फूल म्हणजे नुसता केसरांचा झुपका. लांब लांब पांढरे तंतू बाहेर पसरलेले. मी पाच फुलांना शिवणकामाचा लाल दोरा बांधून ठेवला. पहिल्या दिवशी ती पांढरी होती. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पाहिले तर गुलाबी, आणि नंतर गडद लालसर होऊन सुकली. म्हणजे एकाच फांदीवर पांढरी आणि लाल फुले दिसतात ती दोन जातींची नसून दोन वयांची असतात. घाणेरीची फुले पिवळ्याची लाल होतात, तेही असेच. गुरुजींनी सांगितले की पुष्कळ झाडांत रंगबदल ही किड्यांना खूण असते, की इथला मध संपला, शेजारच्या ताज्या फुलाकडे जा.

कोवळे कोंब तांबूस लवेने झाकलेले असतात. हात फिरवला तर मखमलीसारखे लागतात. नंतर पाने जाड आणि चिवट होतात. पानाचा वरचा भाग चकचकीत असतो, त्यामुळे पाणी कमी उडून जाते.

फुलातली एक गंमत मात्र मला उशिरा कळली. फळ जिथे धरते तो भाग फुलाच्या मधोमध एका लांब दांडीच्या टोकावर असतो. फळ मोठे होऊ लागले की तीच दांडी जाड आणि लाकडी होते. मंडईत मला जो जाड देठ दिसला तो हा. फळ आधी हिरवे, पिकल्यावर लाल. आत गर आणि पुष्कळ बिया. पिकलेली फळे पक्षी फोडतात आणि बिया लांब नेऊन टाकतात. आमच्या बांधावरची जाळीही कुणी लावलेली नाही, बुलबुलानेच लावली असणार.

हिरवे फळ कच्चे खाऊ नये. मी चावून पाहिले. आधी कडू आणि मग नाकात झिणझिणी, मोहरी चघळल्यासारखी. हे उगीच नाही. वाघाटीचे कुळ आणि मोहरी-कोबीचे कुळ ही लांबची भावकी आहे, आणि दोघांतही त्याच प्रकारचे तिखट द्रव्य असते. कोबीवर जशी पांढरी फुलपाखरे अंडी घालतात तशी त्यांचीच भावंडे असलेली, पंखांना काळी किनार असलेली पांढरी फुलपाखरे वाघाटीवर अंडी घालतात. इतर प्राणी ज्या तिखटाला टाळतात तेच त्यांच्या अळ्यांचे जेवण. आमच्या जाळीवर पावसाळ्यात अशा हिरव्या अळ्या असतात, पानाच्या शिरेला चिकटून बसतात, लवकर दिसत नाहीत.

भाजी कशी करतात तेही आजीला विचारून लिहून घेतले. फळे चिरून बिया पूर्ण काढायच्या, कारण कडवटपणा त्यांत जास्त. फोडी मिठाच्या पाण्यात उकडून पाणी फेकून द्यायचे. आजी दुसऱ्यांदा ताकात उकडते. मग पिळून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून फोडणी द्यायची, वर गूळ आणि शेंगदाण्याचे कूट. तरी थोडी कडू लागतेच. आजी म्हणते, "कडू लागली न्हाय तर ती वाघाटी कसली?" मला खरे सांगायचे तर भाजी फार आवडत नाही. एक घास खाते.

आता ती ज्या जागेत राहते त्या जागेविषयी.

भूगोलाच्या पुस्तकात 'सॅव्हाना' असा धडा आहे. त्यात आफ्रिकेचे चित्र, उंच गवत, मधून मधून छत्रीसारखी झाडे आणि जिराफ. धडा वाचताना मी खिडकीतून बाहेर पाहिले तर जिराफ सोडून बाकी सगळे होते! गवत, मधून मधून हिवर, बाभूळ, बोर आणि खैर. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "बरोबर आहे, आपला माळ हाही सॅव्हानाच. पुस्तकाने लांबचे चित्र घातले एवढेच." आफ्रिकेच्या त्या गवताळ प्रदेशात वाघाटीची एक सख्खी बहीणसुद्धा आहे. तिची पाने लोकरीसारखी लवदार असतात, आणि तीही वाकड्या काट्यांनीच झाडांवर चढते.

घोडपदेवला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या फलटणच्या बाजूला जेमतेम पाचशे. मध्ये सह्याद्री उभा आहे, ढग त्याच्या पलीकडेच रिकामे होतात. एवढ्या पावसात दाट जंगल होत नाही, गवत होते. पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळीची कुसळे मोज्यात का घुसतात माहीत आहे का? त्यांची शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो. अशी फिरत फिरत बी जमिनीत शिरते. मोजा हा तिला जमिनीसारखाच वाटतो. या गवतावर ससा, खोकड, लांडगा, तित्तर आणि धाविक पक्षी जगतात, आणि मेंढपाळांची मेंढरे.

पण सातबाऱ्यावर अशा जमिनीला काय लिहितात? पोटखराब. बोलताना आपणही 'पडीक' म्हणतो. मलाही वाटायचे की पूर्वी इथे जंगल असणार, लोकांनी तोडले आणि उरला तो माळ. तसे नाही. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या कथा, चरित्रे आणि ओव्या तपासून त्यांत कोणकोणती झाडे येतात ते पाहिले. ती झाडे बरीचशी उघड्या माळावरचीच निघाली. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपासून इथे असाच काटेरी गवताळ माळ आहे. गुरुजींनी हे वाचून दाखवले तेव्हा मला आनंद झाला, कारण शास्त्रज्ञांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांसारख्या गोष्टींवरून शोध लावला.

वाघाटीच्या कुळातलीच दोन झुडपे याच मुलखात आहेत. एक नेपती, तिला बहुतेक पाने नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या. राजस्थानात तिला केर म्हणतात आणि फळांचे लोणचे घालतात. दुसरी तरटी. तरटी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली आहे पण लक्षात आली नसेल. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात संत कान्होपात्रेचे झाड दाखवतात ना? मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बिदरच्या बादशहाने बोलावणे धाडले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला आणि तिला पुरले तिथे झाड उगवले, अशी कथा आहे. ते झाड तरटीचे. देवळात मोठमोठ्या झाडांचा मान असतो, इथे मात्र माळावरच्या काटेरी तरटीला आहे. आणि त्याच विठ्ठलाच्या एकादशीचा उपवास वाघाटीने सुटतो. आपल्या तालुक्यातून तरडगाव, फलटण, बरड अशी माउलींची पालखी जाते, ती याच माळावरून. दोन्ही बहिणी वाटेवरच्याच आहेत, असे आजी म्हणते.

काटेरी जाळीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी मी मे महिन्यात सहा दिवस सकाळी जाळीसमोर बसून वहीत नोंद केली. सातभाईंचा थवा रोज आला. बुलबुलाचे घरटे होते, त्यात तीन अंडी. खाली सावलीत सरडे, मुंगूस एकदा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जाळीच्या आत लिंबाची दोन रोपे कमरेएवढी झालेली! बाहेर उघड्यावर एकही रोप नाही, कारण शेळ्या शेंडे खातात. आजी म्हणाली, "काटा हाय म्हणून ऱ्हायली ती. नायतर शेळ्यांनी कवाच सपाट केली असती." म्हणजे वाघाटी दुसऱ्याच्या अंगावर चढते हे जितके खरे, तितकेच ती दुसऱ्याला पोटाशी धरते हेही खरे. मघाशी मी बाकावरच्या मुलांची थट्टा केली ती तेवढी मागे घेते.

गेल्या वर्षी शिवरात्रीनंतर बांध पेटवले तेव्हा जाळी अर्धी जळाली. त्या आषाढात एकच फळ धरले. पण पाऊस पडल्यावर बुडख्यापासून तांबूस कोंब फुटले. माळावरच्या झाडांना आगीची थोडी सवय असते. यंत्राने मुळासकट उपटण्याची मात्र नसते.

हे लिहिण्याचे कारण असे की आमचा बांध काढायचे ठरले आहे. बाजरी काढून झाली की जेसीबी येणार. बांध सरळ केला तर दोन सरी जास्त निघतील आणि पाइपलाइन नीट टाकता येईल. आमचे आप्पा याच रांगेत कुठेतरी उभे राहून हे वाचत असतील, म्हणून स्पष्ट लिहिते. आप्पांचेही चुकीचे नाही. दोन सऱ्यांचा ऊस म्हणजे पैसे, आणि मागच्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा पाण्याचा टँकर कुणी फुकट दिला नव्हता. मी घरी विषय काढला तर आप्पा म्हणाले, "काट्याला कुणी राखतं का? तुला पाहिजे तर रोप लाव दुसरीकडं."

मी लावले. या आषाढात आजीने अकरा फळे काढली आणि शेंड्याची चार पाखरांना ठेवली. त्या अकरातल्या एका पिकलेल्या फळाच्या दहा बिया मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून पेरल्या. पिशव्या शाळेच्या नळाजवळ आहेत. आजपर्यंत तीन उगवल्या. सर्वांत मोठे रोप माझ्या करंगळीएवढे आहे. त्यावर फळ केव्हा धरेल असे आजीला विचारले तर ती हसली. म्हणाली, "तवर मी कुठली?"

म्हणून मी आप्पांना एक गोष्ट विचारली आहे. जाळी बांधाच्या अगदी टोकाला, ओढ्याच्या बाजूला आहे. पाइप तिथून वळवला तर किती फूट जास्त लागेल ते गुरुजींनी आणि आम्ही चौघांनी टेपने मोजले. चौदा फूट. दुकानात भाव विचारून तो आकडा मी घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. आप्पांनी तो वाचला हे मला माहीत आहे, कारण त्याखाली त्यांनी पेन्सिलीने पाइप जोडायच्या दोन एल्बोंचे पैसे मिळवले आहेत. अजून काही बोलले नाहीत.

घोडपदेवहून काकांचा फोन आला होता. द्वादशीला आजीने त्यांच्याकडे चार वाघाट्या पाठवल्या होत्या, गावातला एक मुलगा नोकरीला निघाला होता त्याच्या पिशवीतून. चाळीतली जुनी माणसे आता थोडी उरली आहेत. काकूने भाजी करून दोन घरी वाटी दिली. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या म्हणे, "ही मंडईतली न्हाय, ही तुमच्या गावची."

फुलांना बांधलेल्या लाल दोऱ्याची रीळ माझ्याजवळ शिल्लक होती. काल संध्याकाळी मी तो दोरा चौपदरी करून जाळीच्या चारी बाजूंनी बांधला आहे, म्हणजे जेसीबीवरच्या माणसाला लांबून दिसेल. बांधताना हात पुष्कळ ओरबाडले.